माथ्यावरचं झाड

३ एप्रिल
पुलाजवळची लॉज, पहिला मजला

प्रिय दादा,

वाकून नमस्कार केला असता, पण आज एकसष्ट किलोमीटर सायकल मारली आहे. वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील. तेव्हा उभ्यानेच घे.

आज नववा दिवस. निघताना अख्खी गल्ली म्हणत होती की भूगोलाच्या बाई तिसऱ्या दिवशी बसने परत येतात. त्यांना सांग, बाई सत्तावन्न वर्षांच्या असल्या तरी अजून सीटवर आहेत, आणि सीटबद्दल त्यांना जे म्हणायचंय ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आतापर्यंत दोन पंक्चर झाली. एक मी दहा मिनिटांत काढलं. दुसऱ्याला दीड तास लागला, कारण पंक्चर पुढच्या चाकाचं होतं आणि मी भोक शोधत होते मागच्या ट्यूबमध्ये. हे दुकानात बोललास तर याद राख!

सायकल मात्र झकास चालते. तू बनवलीस म्हणून नाही हो, खरंच चालते. फक्त एक राग अजून गेलेला नाही. माझ्यासाठी म्हणून बनवलेली सायकल, माझ्या उंचीची, आणि तिच्यावर पहिली चक्कर मारली कोणी? तूच! बाबांच्या वेळीही तेच. नवी सायकल जोडून झाली की 'पहिली फेरी दादाची', आणि मी मागे कॅरिअरवर. बाबा जाऊन बावीस वर्षं झाली, दुकान तुझं झालं, माझे केस पिकले, तरी नियम काही बदलत नाही.

असो. आता मुद्द्याचं. तीन-चार दिवसांत मी घाटाच्या पायथ्याशी पोहोचेन. तिथे एक खानावळ आहे, वर राहायला दोन खोल्या. पत्र तिकडेच टाक, पत्ता मागे लिहिलाय. आणि मला खिंडीबद्दल नीट सांग. एकविसाव्या वर्षी तू ती एकट्याने सायकलवरून पार केलीस, तेव्हापासून सगळे तुला 'खिंडवाले' म्हणतात, दुकानाच्या पाटीवरसुद्धा तेच नाव आहे. एकतीस वर्षं मी नकाशावर छडी ठेवून सांगत आले, 'मुलांनो, ही खिंड. चोवीस वळणं, आणि माथ्यावर एक मोठं झाड. त्याखाली बसून माझ्या भावाने सफरचंद खाल्लं.' दरवर्षी एखादा शहाणा हात वर करायचा, 'बाई, एवढ्या उंचीवर झाड कसं?' मी म्हणायचे, 'अपवाद.' तुझ्यापायी एकतीस वर्षं मी भूगोलात अपवाद घालतेय! तेव्हा शेवटचा चढ कसा आहे, वारा कुठून येतो, पलीकडचा उतार किती, सगळं लिही. सफरचंद मीही घेतलंय.

वहिनीला सांग, तिने दिलेले मोजे रोज वापरते.

तुझी,
ठमी


६ एप्रिल
दुकान

ठमे,

आशीर्वाद. दीड तास? मागची ट्यूब? सायकलवाल्याची मुलगी ना तू! दुकानात कुणाला सांगणार नव्हतो, पण काल सायकल क्लबची मंडळी बसली होती, बोलता बोलता तोंडून गेलं. अजून हसताहेत.

आता नीट ऐक. चेनला दर दोन दिवसांनी तेल घाल आणि वरचं पुसून काढ, नाहीतर धूळ धरते. सकाळी निघायच्या आधी टायर अंगठ्याने दाबून बघ. स्पोकवर बोट फिरवत जा; सगळे एका आवाजात बोलले पाहिजेत, एखादा वेगळा बोलला तर तो ढिला झालाय. हँडलला पिशव्या लटकवू नकोस. ब्रेकच्या दोन्ही तारा मी निघायच्या आदल्या दिवशी बदलल्या आहेत. लांब जाणाऱ्याची तार आपल्या दुकानात न विचारता बदलतात, तुला माहीतच आहे. तू त्याला माझं खूळ म्हणतेस, म्हण.

खिंडीचं म्हणशील, तर त्याला झाली चाळीस वर्षं. आता काय आठवणार? वळणं आहेत. वारा असतो. आणि मी काय म्हणतो, तू खिंडीतून जातेसच कशाला? आता खालून बोगदा झालाय, त्यातून बस जाते, टपावर सायकल घेतात. तुझा डावा गुडघा शाळेच्या जिन्यावर कुरकुरायचा, विसरलीस? दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. बोगद्यातून गेलीस तरी घाट पार केला असंच म्हणायचं. कोण बघायला येतंय?

इकडे क्लबने नवीन टूम काढली आहे. मला खिंड पार करून यंदा चाळीस वर्षं झाली म्हणून महिनाअखेरीला सत्कार. दुकानाला नवी पाटी रंगवून देणार, त्या दिवसाच्या तारखेसकट. मी नको नको म्हणालो, तर त्यांना तो माझा विनय वाटला. तुझी वहिनी हे सगळं ऐकते आणि पदरात तोंड लपवून हसते. तिचं काय असतं कुणास ठाऊक.

बोगद्याचं मनावर घे.

दादा


९ एप्रिल
पायथ्याची खानावळ, वरची खोली

दादा,

वा रे खिंडवाले! तेलावर परिच्छेदभर, आणि खिंडीवर 'वळणं आहेत, वारा असतो'. एवढं तर मी नकाशा बघून सांगते!

तुझ्या त्या बोगद्याचं खरं कारण माझ्या लक्षात आलंय बरं का. एका घरात दोन खिंडवाले नकोत, हेच ना? सत्काराच्या दिवशी कुणी म्हणालं, 'बहीणही जाऊन आली की हो, तीही सत्तावन्नाव्या वर्षी', तर तुझा हार अर्धा होईल. जळका कुठला! आणि म्हणे कोण बघायला येतंय. मी येतेय ना बघायला!

गंमत सोड. सहाव्या वळणावर दरड पडून रस्ता बंद आहे, बाराला सकाळी उघडेल म्हणतात. दरडीने फोनची तारही नेली, त्यामुळे पत्रावरच भागवायचं. खोली छान आहे. एक खाट, एक खुर्ची, खिडकीतून पोस्टाची पेटी दिसते आणि तिच्यामागे सरळ डोंगर. गुडघ्याला गरम पाण्याची बाटली मिळते. खानावळवाली कांदा चिरता चिरता जगातल्या सगळ्या विषयांवर बोलते. मी तिला माथ्यावरच्या झाडाचं सांगितलं, तर तिची सुरीच थांबली. म्हणाली, "वर? अहो बाई, वर गवत धड उगवत नाही. एक लोखंडी खांब आहे, बस." मी म्हटलं, माझा भाऊ त्या झाडाखाली बसलाय. तशी ती म्हणाली, "मग पडलं असेल हो," आणि दुप्पट वेगाने चिरायला लागली. चाळीस वर्षांत पडलं की काय रे तुझं झाड? कळव मला.

इथे जेवायला येणारे ट्रकवाले घाबरवतात. शेवटची सहा वळणं म्हणे भिंतीसारखी उभी, तिथे ट्रकसुद्धा कण्हतो. मी त्यांना ठणकावलं, 'सायकलचं मागचं चक्र माझ्या भावाने बसवलंय, अठ्ठावीस दात्यांचं. त्याने तो चढ स्वतः चढलाय. त्याला माहीत आहे किती दाते लागतात ते.' सगळे आपापल्या ताटाकडे वळले.

बाराला सकाळी निघते.

तुझी (लवकरच खिंडवाली),
ठमी


११ एप्रिल
दुकान

ठमे,

हसायचं तेवढं नंतर हस, पण हे वेळेत मिळालं तर आधी थांब. वर जाऊ नकोस.

माथ्यावर झाड नाही. म्हणजे असेल-नसेल, मला माहीत नाही. मी माथ्यावर गेलोच नव्हतो.

'त्याला माहीत आहे किती दाते लागतात' हे तुझं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. झाड आहे ते अठराव्या वळणावर. मी गेलो तो तिथपर्यंत. ते अठ्ठावीस दात्यांचं चक्र मी तिथपर्यंतच्या चढाच्या अंदाजाने बसवलंय. पुढची सहा वळणं मी फक्त मान वर करून बघितली आहेत, आणि पलीकडचा उतार तर डोळ्यांनीही नाही. तू मला विचारत होतीस उतार किती, आणि मी तुला तेल कसं घालायचं ते सांगत होतो. माझी मलाच लाज वाटते.

काय झालं ते सांगतो. मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले होते, "मागची तार झिजलीये, बदल." मी म्हणालो, "चालतंय हो." सायकलवाल्याचा मुलगा, आपल्याला कोण शिकवणार! झाडापाशी थांबायला म्हणून ब्रेक दाबला आणि तार तटकन तुटली. पुढचा ब्रेक नावालाच होता. खरं सांगू? वर चढता आलं असतं. चढायला ब्रेक लागत नाही. पलीकडे हातात धरून उतरलो असतो. पण ढग खाली आले होते, मी एकटा होतो, आणि घाबरलो. सफरचंद खाल्लं ते खरं. मग अठरा वळणं सायकल हातात धरून खाली चालत आलो.

गल्लीत शिरलो तेव्हा कोपऱ्यावरच्या शिंप्याने विचारलं, "काय, खिंड झाली का?" मी म्हणालो, "झाली." तो एक शब्द, ठमे. संध्याकाळपर्यंत झाड माथ्यावर गेलं होतं, आणि मग ते मला काही खाली आणता आलं नाही. तू तर ते वर्गातसुद्धा लावलंस.

बाबांनी सायकल आत घेतली. दुसऱ्या दिवशी बघतो तर नवी तार. एका शब्दाने बोलले नाहीत, शेवटपर्यंत. त्यांनी कानाखाली दोन दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

क्लबला काय सांगायचं ते मी बघतो. पाटी उतरवायची तर उतरवू. पण तू माझ्या थापेवर विसंबून त्या चढावर जाऊ नकोस. चढाला हलकं पडेल असं चौतीस दात्यांचं चक्र काढून ठेवलंय, थांबलीस तर पाठवतो.

दादा


१२ एप्रिल
खिंडीपलीकडचं गाव

प्रिय दादा,

झाली! पार झाली एकदाची! सकाळी निघाले आणि दुपारी माथ्यावर. तू म्हणालास अगदी तसंच आहे सगळं. झाडही आहे, माथ्यावरच. इतकी सुंदर सावली, इतका छान गार वारा! खानावळवालीला काही माहीत नाही. मी तिथे बसून सफरचंद खाल्लं आणि तुझी फार आठवण आली.

तुझं अठ्ठावीस दात्यांचं चक्र अगदी योग्य होतं. ब्रेकही छान लागले. गुडघा ठीक आहे. तू सत्काराला आनंदाने उभा राहा. मला तुझा खूप अभिमान वाटतो.

इथे माझं नक्की नाही, तेव्हा काही लिहायचं असेल तर खानावळीच्याच पत्त्यावर लिही. मी मागवून घेईन.

तुझी,
ठमी


१५ एप्रिल
दुकान

ठमे,

तुझं बाराचं पत्र आलं. मी ते चार वेळा वाचलं, आणि मला ते पटलं नाही.

एक तर, पत्र पलीकडच्या गावातून लिहिलंस म्हणतेस, आणि शिक्का अलीकडच्या पोस्टाचा. तुझ्या खिडकीतून दिसते त्याच पेटीत टाकलंस ना? एकतीस वर्षं भूगोल शिकवलास, आणि पत्र डोंगराच्या कुठल्या बाजूने टाकायचं ते कळलं नाही?

दुसरं म्हणजे, अख्ख्या पत्रात एकदाही मला चिडवलेलं नाहीस. वर 'अभिमान वाटतो'! तुझ्या जन्मापासून तू मला असं काही बोललेली नाहीस. म्हणून विचारतो, पडलीस का? लागलंय का कुठे? माझं अकराचं पत्र मिळालं का? खरं ते सांग. रागावली असलीस तर रागावून लिही, पण लिही.

दादा


१७ एप्रिल
पायथ्याची खानावळ, वरची खोली

दादा,

पडलेबिडले नाही. हातपाय धड आहेत. जिभेचं म्हणशील तर तिला थोडी लाज वाटतेय, पण होईल बरी.

शिक्क्याचं खरंच लक्षात आलं नाही रे! माझी एखादी विद्यार्थिनी असती तर पट्टी मारली असती तिला. तुझं अकराचं पत्र मला तेराला मिळालं. म्हणजे माझं थापेचं पत्र पेटीत पडून एक दिवस झाला होता. उत्तर लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. पहिल्यात फार रागावले होते, दुसऱ्यात फार रडले होते, तिसरा चहा सांडून गेला.

आता खरं सांगते. बाराला अठराव्या वळणावर पोहोचले आणि तुझं झाड समोर. मला वाटलं आलाच माथा. सायकल टेकवली, सफरचंद काढलं, आणि वर बघते तर रस्ता चालूच! सहा वळणं, एकावर एक. तरी सीटवर बसून बघितलं. वीस पावलांवर पेडल थांबलं. तुझ्या त्या चक्राला झाडापर्यंतचंच येतं, दादा. तिथेच मला सगळं कळलं. तू मला बोगद्यात का कोंबत होतास तेही कळलं, आणि मी तुला जळका म्हणाले म्हणून स्वतःचेच कान पिळले.

ढकलत वर जाता आलं असतं. पण तू गेला नाहीस तिथे तुझ्याआधी जायला पाय उचलेना. हसू नकोस. आणि वर जाऊन आले असते तर लोक मला विचारणार, 'काय बाई, झाड बघितलंत का?' त्यापेक्षा मी परत फिरले आणि तुझं झाड माथ्यावरच ठेवलं. म्हटलं, एकतीस वर्षं अपवाद घातला, अजून एकदा घालू.

रागाचं विचारलंस. आहे राग. खिंडीचा नाही, त्या ढगांत तू एकटा उभा होतास आणि चाळीस वर्षांत मला सांगितलं नाहीस, त्याचा आहे. मी काय कोपऱ्यावरचा शिंपी आहे?

तर आता ऐक. दुकान बंद कर. हो, बंद. बाबांच्या वेळेपासून ते कधी आठवडाभर बंद नव्हतं, म्हणूनच कर. चौतीस दात्यांचं चक्र घे, दुसरं एक तुझ्या सायकलला घाल, आणि बसने इकडे ये. वरची दुसरी खोली मी धरून ठेवली आहे. पहिली फेरी दादाची. मी मागून येते.

तुझी,
ठमी

ता. क. तार बदलून ये हो.


२४ एप्रिल
खिंडीपलीकडचं गाव (शिक्का बघ)

वहिनी,

आज दुपारी एकला आम्ही दोघं माथ्यावर पोहोचलो. दादाने काल खानावळीच्या अंगणात बसून माझं चक्र बदललं, तेव्हा खानावळवाली त्याला म्हणाली, "झाड तुम्हीच लावलंत का वर?" पहिल्यांदाच बघितलं मी त्याला कानापर्यंत लाल होताना.

अठराव्या वळणावर त्याचा चेहरा उतरला. झाडाकडे बघेचना. मी म्हटलं, सफरचंद काढू का? म्हणाला, वर. मग सहा वळणं. वहिनी, ट्रकवाले खोटं बोलत नव्हते! आम्ही प्रत्येक वळणावर थांबलो आणि प्रत्येक वळणावर भांडलो. बाविसाव्याला तो म्हणाला, आता मेलो. मी म्हटलं, दोन वळणं थांब, मग मर, वरून दिसतं छान.

शेवटच्या वळणानंतर खांब दिसला. दादा पुढे होता. खांबाच्या दहा पावलं अलीकडे तो उतरला, सायकल बाजूला घेतली, आणि मला म्हणाला, "हो पुढे. पहिली फेरी ठमीची." सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा! मला पुढचं नीट दिसेना, खांबावर आपटता आपटता वाचले. मागून तो आला आणि त्याने खांबाला हात लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही. खाली दोन्हीकडे दऱ्या. झाड नाही, गवतही नाही. आम्ही वाऱ्यात बसून सफरचंद अर्धं अर्धं खाल्लं आणि दोघंही रडलो. बास. आता तो लिहितोय.

ठमी

अगं, तुला एक सांगायचं आहे. मी चाळीस वर्षांपूर्वी ही खिंड पार केली नव्हती. लग्न ठरताना तुझ्या घरी मी जे सांगितलं ते खोटं होतं. परत आलो की क्लबच्या मंडळींना सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. रागावू नकोस. उतारावर ब्रेक छान लागले.


२७ एप्रिल
घर

अहो, आणि ठमीवन्सं,

शिक्का आधी बघितला, मग पत्र वाचलं. घरात थापाड्या माणसाशी संसार केला की ही सवय लागते.

अहो, मला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुम्ही पाहुण्यांना झाडाची गोष्ट सांगत होतात, आणि मामंजी उठून आत आले. मी पाणी द्यायला गेले, तर मला म्हणाले, "सूनबाई, तुला म्हणून सांगतो. पलीकडचा अख्खा उतार उतरलेल्या सायकलच्या ब्रेकचे रबर इतके कोरे राहत नाहीत. पण त्याला कधी ऐकवू नकोस. खिंड नाही झाली त्याची, पण परत आल्यापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक लांब जाणाऱ्याची तार तो न सांगता बदलतो. मला तेवढं पुरे." म्हणून मी आजवर पदर तोंडाला लावला. आता नाही लावणार, आता मोकळेपणाने हसणार.

क्लबची मंडळी काल येऊन गेली. त्यांना सांगायचं ते तुम्हीच सांगा, त्यात मी पडत नाही. फक्त पाटी रंगवणारा आला होता, त्याला थोपवून धरणं शक्य नव्हतं. त्याला म्हटलं, नाव तेच राहू द्या, ते आता खरं झालंय. तारीख तेवढी चाळीस वर्षं पुढे घ्या. त्याने विचारलं, "नुसतं 'खिंडवाले' लिहू?" मी म्हटलं, नाही, 'खिंडवाले बहीण-भाऊ' लिहा. बहीण आधी.